वाचकांचे प्रश्न : डभोईचे स्टेशन, बैलांची रेल्वे आणि मासिक पास

गेल्या अंकात विश्वामित्री नदीवरील पुलांविषयी लिहिताना वडोद्याजवळच्या डभोईच्या छोट्या, म्हणजे अरुंद मार्गावरील (नॅरो गेज) गाडीचा उल्लेख एका वाक्यात येऊन गेला होता. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रे आली, तेवढी सबंध पुलांवर आली नाहीत. त्यांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. ज्यांचे प्रश्न एकसारखे होते त्यांना एकत्र उत्तर दिले आहे, त्याबद्दल राग नसावा.

प्रश्न : आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळात कमाटीबागेच्या बाकावर बसून वाद झाला. एका सद्गृहस्थांचे म्हणणे असे की, डभोईची रेल्वे ही जगातील पहिली नॅरो गेज रेल्वे, ती श्रीमंत सयाजीराव महाराजांनी सुरू केली आणि सुरुवातीला ती बैल ओढत असत. मला यांतील बैलांची गोष्ट थापच वाटते. खरे काय ते आपण सांगावे. (एक निवृत्त शिक्षक, रावपुरा)

उत्तर : आपण जी थाप समजलात, तेवढीच गोष्ट या तिन्हींत पूर्णपणे खरी आहे, आणि बाकीच्या दोन्ही दुरुस्त करून घ्याव्या लागतील.

बैलांपासूनच सुरुवात करू. १८६२ मध्ये डभोई ते मियागाम असा सुमारे २० मैलांचा, म्हणजे ३२ किलोमीटरचा लोहमार्ग बडोदे संस्थानाने घातला. दोन रुळांमधील अंतर अडीच फूट, आजच्या मापाने ७६२ मिलिमीटर होते. त्या मार्गावर डबे होते, रूळ होते, मात्र इंजिन नव्हते, आणि डबे बैल ओढत असत. हे ऐकताना आपल्याला हसू येते, कारण रेल्वे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आधी इंजिन उभे राहते. पण त्या काळच्या माणसाच्या दृष्टीने रुळाचा मुख्य उपयोग चाकाखालची वाट गुळगुळीत करणे हा होता. डभोईच्या आसमंतातील जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात तिच्यात गाडीचे चाक आसापर्यंत रुतते आणि दोन बैलांच्या जागी चार जुंपले तरी गाडी हलत नाही. तोच माल लोखंडी चाकांवर घालून लोखंडी रुळावर ठेवला की तीच बैलजोडी कितीतरी पट अधिक ओझे ओढते. बैल ताशी चार किलोमीटर चालला असे धरले, तरी मियागामला पोहोचायला आठ तास लागणार. मात्र ते आठ तास भर आषाढातही आठच राहणार, हे व्यापाऱ्याच्या लेखी फार मोलाचे होते.

आता घाई कशाची होती, तेही पाहिले पाहिजे. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा, म्हणजे ज्याला आपले आजोबा बीबीसीआय म्हणत त्या कंपनीचा रुंद मार्ग सुरतेकडून सरकत सरकत १८६१ मध्ये वडोद्याला आला होता आणि १८६४ मध्ये तो मुंबईशी सलग जुळला. मियागाम त्या मार्गावर आहे. याच सुमारास, १८६१ मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि पश्चिम हिंदुस्थानातील कापसाचे भाव कडाडले. कापूस पिकतो डभोईकडे आणि रेल्वे जाते मियागामवरून, अशा स्थितीत मधले २० मैल जोडण्याचा मोह कोणत्याही दरबाराला झाला असता. बडोद्याच्या दरबाराने तो लगेच अमलात आणला, हे त्याचे वेगळेपण.

मग इंजिन का नव्हते? तर ते आलेही होते. १८६३ मध्ये ग्लासगोच्या नील्सन कंपनीची छोटी इंजिने आणली गेली. पण रूळ पडले यार्डाला १३ पौंडांचे, म्हणजे एका मीटरला जेमतेम साडेसहा किलो. आज मुख्य मार्गावर मीटरला ६० किलोचा रूळ वापरतात, त्यावरून अंदाज करावा. बैलाचे वजन त्याच्या चार खुरांवर जमिनीवर पडते. इंजिनाचे सगळे वजन मोजक्या चाकांमधून थेट रुळावर येते, आणि तो हलका रूळ त्या भाराला पुरा पडेना. त्यामुळे इंजिन दारात असूनही काम बैलांकडेच राहिले. पुढे वजनदार रूळ घातले गेले आणि १८७३ पासून इंजिनांची नियमित वाहतूक सुरू झाली. मला स्वतःला या स्टेशनच्या इतिहासातील सर्वांत रंजक भाग हा मधला दहा-अकरा वर्षांचाच वाटतो, आणि ‘पहिले’, ‘सर्वांत मोठे’ अशा बिरुदांच्या गर्दीत नेमका तोच झाकला जातो.

राहिला सयाजीराव महाराजांचा प्रश्न. बडोद्यात कोणतीही चांगली गोष्ट सयाजीरावांच्या नावे जमा करण्याची आपल्याला सवय आहे, आणि बहुतेक वेळा ती बरोबरही ठरते. येथे मात्र ती चुकते. १८६२ मध्ये गादीवर खंडेराव महाराज होते. आपण त्यांना मोत्यांच्या गालिच्यासाठी आणि ‘स्टार ऑफ द साऊथ’ या हिऱ्यासाठी लक्षात ठेवले आहे, पण बैलांच्या रेल्वेचे श्रेय त्यांना द्यायला विसरलो आहोत. १८७३ मध्ये इंजिने धावू लागली तेव्हा गादीवर मल्हारराव महाराज होते. सयाजीराव महाराज दत्तक आले १८७५ मध्ये आणि तेही लहान वयात.

‘जगातील पहिली’ हेही टिकत नाही. वेल्समधील फेस्टिनिओग येथे दोन फुटांहूनही किंचित अरुंद अशी रेल्वे १८३६ पासून चालू होती. तेथे भरलेले डबे उतारावरून आपोआप खाली येत आणि रिकामे डबे घोडे वर नेत. भारतातील पहिली नॅरो गेज रेल्वे म्हणून मात्र डभोई–मियागाम मार्गाचे नाव निःशंक घ्यावे. मंडळातील सद्गृहस्थांना एवढे सांगितले म्हणजे त्यांचाही मान राहील आणि इतिहासाचाही.

प्रश्न : डभोईसारख्या लहान गावाला आशियातील सर्वांत मोठे नॅरो गेज जंक्शन म्हणत, असे वाचले. राजधानी वडोद्याला असताना जंक्शन डभोईला का झाले? (महाविद्यालयीन वाचक, अलकापुरी)

उत्तर : प्रश्न नेमका आहे. नकाशा समोर ठेवला तर उत्तर सोपे जाईल.

वडोद्याच्या मोठ्या स्टेशनवरून जाणारा रुंद मार्ग बीबीसीआय कंपनीचा होता. संस्थानाची स्वतःची रेल्वे, जी पुढे गायकवाड्स बरोडा स्टेट रेल्वे म्हणून ओळखली गेली, तिचा जन्म राजधानीत झालाच नाही. तो झाला जेथे माल होता तेथे, म्हणजे डभोईत. एकदा तेथे रूळ, पाणी, कोळसा आणि माणसे यांची सोय झाल्यावर पुढचा प्रत्येक फाटा तेथूनच काढणे स्वस्त पडत गेले. १८७९ मध्ये दक्षिणेला नर्मदेकाठच्या चांदोदपर्यंत आणि पूर्वेला बहादरपूरपर्यंत असे दोन फाटे निघाले. त्यांतील पहिला यात्रेकरूंसाठी, आणि दुसरा पुढे बोडेली, छोटा उदेपूर असा वाढत जंगलमालाच्या मुलखात गेला. १८८० मध्ये डभोईहून गाडी वडोद्याच्या गोयागेटला आली आणि १८८१ मध्ये विश्वामित्री स्टेशनला येऊन रुंद मार्गाच्या शेजारी उभी राहिली. यातील गंमत लक्षात घ्यावी : संस्थानाची रेल्वे संस्थानाच्या राजधानीला पोहोचली ती सुरू झाल्यानंतर १८ वर्षांनी. हे सगळे काम सयाजीराव महाराजांच्या अल्पवयात, दिवाण सर टी. माधवराव यांच्या कारकिर्दीत झाले. पुढे उत्तरेला समलायाकडेही मार्ग गेला आणि डभोईतून पाच दिशांना छोटी गाडी सुटू लागली. मोठेपणाचे ते बिरुद लागले ते या जाळ्यामुळे. गावाच्या आकाराशी त्याचा संबंध नाही.

ही छोटी गाडी प्रत्यक्षात कशी होती, ते आपल्या पिढीला सांगायला हवे. मी लहानपणी आजीबरोबर चांदोदला जात असे तेव्हा वाफेचे इंजिन होते. वडोद्यातील प्रतापनगर स्टेशनच्या खिडकीत बाबू पुठ्ठ्याचे बोटभर तिकीट तारखेच्या यंत्रात सारी, यंत्र ‘खट्’ असा आवाज करी आणि तिकिटाच्या कडेला तारीख उमटे. ती बोटाने चाचपून पाहण्याचा मला नाद होता. डबा एवढा अरुंद की समोरासमोर बसलेल्या माणसांचे गुडघे एकमेकांना लागत, आणि त्यामुळेच अनोळखी माणसाशी बोलणे भागच पडे. खिडकीत बसले की कोळशाची कणी डोळ्यात जाई, आणि आजी पदराचे टोक ओले करून ती काढी. गाडीचा वेग असा की वळणावर उतरून चार पावले बरोबर चालणारे हौशी लोक मी पाहिले आहेत. २०२१ मध्ये येथील नव्या मार्गाचे उद्घाटन करताना पंतप्रधानांनीही या गाडीच्या संथपणाची आणि कोठेही चढता-उतरता येण्याची आठवण सांगितली होती, तेव्हा हा माझ्या एकट्याच्या स्मरणाचा खेळ नाही.

अरुंद मार्गाचे जे बळ होते तेच पुढे त्याचे दुखणे झाले. रूळ हलके, पूल लहान, वळणे तीव्र घेता येतात, म्हणून तो स्वस्तात आणि लवकर झाला. पण छोट्या डब्यातील माल मोठ्या डब्यात आपोआप जात नाही. मियागामला किंवा विश्वामित्रीला प्रत्येक गाठोडे, प्रत्येक पोते हमालाच्या पाठीवरून एका फलाटावरून दुसऱ्यावर न्यावे लागे. तेवढा वेळ, तेवढी मजुरी आणि तेवढीच फाटतूट. डांबरी रस्ते झाले, एस.टी. दारापर्यंत येऊ लागली आणि ट्रक शेतातून थेट बाजारपेठेत जाऊ लागले, तेव्हा ही उचलठेव कोणाला परवडेना. १९४९ मध्ये संस्थानाची रेल्वे बीबीसीआयमध्ये आणि १९५१ मध्ये ती सगळीच पश्चिम रेल्वेत गेली, तरी गाडी कित्येक दशके तशीच चालू राहिली. १९९२ पासून देशभर एकच रुंदी करण्याचे धोरण आले आणि डभोईचे अरुंद रूळ एकेका दिशेने उखडले जाऊ लागले. प्रतापनगर ते छोटा उदेपूर हा मार्ग आधी रुंद झाला, आणि २०१९ मध्ये गाडी पुढे मध्य प्रदेशातील अलिराजपूरपर्यंत जाऊ लागली. डभोई–चांदोद मार्गाचे रुंदीकरण, चांदोदपासून केवडियापर्यंतचा नवा मार्ग, प्रतापनगर ते केवडिया विद्युतीकरण आणि डभोई, चांदोद व केवडिया येथील नव्या इमारती यांचे उद्घाटन १७ जानेवारी २०२१ रोजी एकत्रच झाले. केवडिया स्टेशनला आता एकता नगर म्हणतात.

म्हणजे डभोई आजही जंक्शनच आहे. फक्त जेथे हमाल पोती उचलत तेथे आता कोणाला काही उचलावे लागत नाही, हा फरक रुंदीकरणाविषयी हळहळणाऱ्यांनीही, आणि त्यांत मीही आलो, मान्य करायला हवा.

प्रश्न : माझी भाची डभोईला राहते आणि वडोद्याला बी.कॉम.ला आहे. एस.टी.ने रोज जाणे-येणे महाग पडते. रेल्वेचा पास काढणे सोयीचे होईल का? त्याचे नियम सविस्तर सांगावेत. (एक गृहिणी, दांडिया बाजार)

उत्तर : पास नक्की काढावा, आणि आपल्या भाचीच्या बाबतीत तर खर्चाचा प्रश्न बहुधा उरणारच नाही. घर आणि शिक्षणसंस्था यांच्या दरम्यानच्या प्रवासासाठी मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत दुसऱ्या वर्गाचा मासिक पास रेल्वे विनामूल्य देते. ही सवलत पुष्कळ पालकांना ठाऊकच नसते, आणि खिडकीवरचा माणूस आपण होऊन सांगेलच असे नाही. महाविद्यालयाच्या कार्यालयातून विहित नमुन्यातील प्रमाणपत्र, प्राचार्यांची सही व शिक्का यांसह घ्यावे. त्यावर घराजवळचे आणि महाविद्यालयाजवळचे स्टेशन नीट लिहिलेले आहे ना, ते खिडकीवर जाण्यापूर्वीच पाहावे. डभोई आणि प्रतापनगर असे लिहायचे की डभोई आणि वडोदरा, येथेच बहुतेक अर्ज अडतात.

या शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण रोजच्या प्रवाशाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. डभोईकडील अनेक गाड्या प्रतापनगरहून सुटतात आणि तेथेच संपतात. प्रतापनगर शहराच्या दक्षिण अंगाला, आणि विद्यापीठाचा मुख्य परिसर सयाजीगंजकडे, मोठ्या स्टेशनच्या जवळ. त्यामुळे गाडी केवळ प्रतापनगरपर्यंतच असेल तर पुढे शहर बस किंवा रिक्षा धरावी लागते, आणि हा वेळ व खर्च धरूनच एस.टी.शी तुलना करावी. ज्या गाड्या विश्वामित्रीमार्गे मोठ्या स्टेशनपर्यंत जातात त्यांच्या वेळा वर्गाच्या वेळेशी जुळतात का, हे आधी पाहावे आणि मगच पास कोठपर्यंतचा काढायचा ते ठरवावे. वेळापत्रक बदलत असल्यामुळे येथे वेळा छापत नाही. महिन्याभराने जुना अंक हाती धरून कोणी फलाटावर उभे राहावे असे मला वाटत नाही.

ज्यांना विनामूल्य पास लागू नाही अशा नोकरदारांसाठी : मासिक पासाची किंमत साधारणपणे पंधरा एकेरी प्रवासांच्या भाड्याइतकी असते, म्हणजे महिन्यातून आठ दिवस जरी जाऊन-येऊन प्रवास झाला तरी पास वसूल होतो. तिमाही पास तीन मासिक पासांपेक्षा थोडा स्वस्त पडतो. पास १५० किलोमीटरपर्यंतच्या अंतरासाठी मिळतो, त्यासोबत ओळखपत्र बाळगावे लागते आणि तो दुसऱ्याला देता येत नाही. पास संपण्याची वाट पाहू नये. दहा दिवस आधीपासून त्याचे नूतनीकरण करता येते आणि नवा पास जुना संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून धरला जातो. साधा पास आरक्षित डब्यात चालत नाही. एकता नगरला जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या पाहून पुष्कळांना त्यांत चढण्याचा मोह होतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले. पास आणि साधे तिकीट दोन्ही मोबाइलवरून काढता येतात, त्यामुळे सकाळच्या रांगेत उभे राहण्याचे कारण उरलेले नाही.

मेमू गाडी म्हणजे काय, असे आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. तिला वेगळे इंजिन नसते. विजेवर चालणारी यंत्रणा गाडीच्याच काही डब्यांत असते आणि चालकाची खोली दोन्ही टोकांना. त्यामुळे शेवटच्या स्टेशनवर इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावण्याची खटपट नाही, आणि थांबून पुन्हा वेग घेणे झटपट होते. थोड्या थोड्या अंतरावर थांबायचे असेल तर हीच गाडी योग्य.

प्रश्न : वय वर्षे ७४. टेंबेस्वामींच्या समाधीचे दर्शन घ्यायला गरुडेश्वरला रेल्वेने जाता येईल का? पूर्वी चांदोदला उतरून पुढे फार हाल होत. (एक वाचक, शियाबाग)

उत्तर : होय. चांदोदच्या पुढे जो नवा मार्ग झाला त्यावर मोरिया, तिलकवाडा आणि गरुडेश्वर अशी स्टेशने आहेत, आणि शेवटी एकता नगर. वासुदेवानंद सरस्वती, म्हणजेच टेंबेस्वामी, १९१४ मध्ये गरुडेश्वरी समाधिस्थ झाले. त्या काळी चांदोदला छोटी गाडी संपे आणि पुढे भाविकांना नर्मदेच्या काठाकाठाने जावे लागे. आता दोन गोष्टींची काळजी घ्यावी. एक, प्रत्येक गाडी गरुडेश्वरला थांबेलच असे नाही, तेव्हा निघण्यापूर्वी १३९ या क्रमांकावर चौकशी करावी. दुसरी, स्टेशनपासून समाधिमंदिरापर्यंतच्या वाहनाची सोय आधी ठरवून ठेवावी. पायी जाण्याच्या भरवशावर आपण या वयात निघू नये. ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातील सवलत मार्च २०२० मध्ये बंद करण्यात आली, म्हणून पूर्ण भाडे धरून चालावे.

प्रश्न : जुने छोटे इंजिन नातवाला कोठे दाखवता येईल? (बाबाजीपुरा)

उत्तर : प्रतापनगरला. तेथील रेल्वे वारसा उद्यानात नॅरो गेजची जुनी सामग्री जपून ठेवलेली आहे, आणि संस्थानकाळचा, १९१९ मधील कारखानाही त्याच भागात आहे. नातवाला इंजिनाजवळ उभे करून त्याचे चाक कमरेपर्यंत येते की गुडघ्यापर्यंत, ते मोजायला सांगावे.

प्रश्न : बखरीत ‘डभई’ असते आणि स्टेशनच्या पाटीवर ‘डभोई’. बरोबर कोणते? (मांडवी)

उत्तर : दोन्ही. संस्कृतात दर्भावती, गुजरातीत डभोई, आणि मराठी कागदपत्रांत डभई. १ एप्रिल १७३१ रोजी पहिल्या बाजीरावांनी सेनापती त्रिंबकराव दाभाड्यांचा पराभव केला ती लढाई मराठीत डभईचीच म्हणतात, जरी ती झाली जवळच्या भिलापूरपाशी. लेखात डभई लिहिले तर कोणी हरकत घेणार नाही. तिकिटाच्या खिडकीवर मात्र डभोईच म्हणावे.